मु. पो. तोंडवली : लांबच्या प्रवासाला निघालेल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

राजीनामा देऊन, फ्लॅट भाड्याने लावून, आईवडिलांशी कडाक्याचं भांडून वर्ष-दोन वर्षं जग बघायला निघालेली माणसं हल्ली आमच्या किनाऱ्यावरून जात असतात. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पेट्या, पेट्यांवर अजून न पाहिलेल्या देशांचे झेंडे, हेल्मेटवर कॅमेरा. बेत साधारण एकच असतो. मुंबईहून समुद्राच्या कडेकडेने कन्याकुमारी, तिथून मिळेल त्या जहाजाने पलीकडे, आणि वाटेत निसर्ग व इतिहास यांचा अभ्यास. आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे उतरलेले असतात, कारण कोकणात खाड्या किती आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या सोयीसाठी या सूचना. ज्यांना सगळं आधीच येतं त्यांनी थेट गोव्याला जावं, तिथे त्यांच्यासारखे पुष्कळ भेटतील.

आधी नेमक्या गावात पोहोचा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात तोंडवली दोन आहेत. एक कणकवली तालुक्यात, बावशीला लागून. तिथे समुद्र नाही. तिथे जाऊन "बीच कुठाय?" असं विचारणाऱ्याला लोक आधी पाणी देतात आणि तो गेल्यावर हसतात. दुसरी मालवण तालुक्यातली, म्हणजे आमची. वायंगणीसुद्धा दोन : एक आमच्या शेजारची, दुसरी वेंगुर्ल्याची. मोबाइल या दोन्हींत पक्षपात करत नाही, मनाला येईल तिथे नेतो. म्हणून कणकवलीला किंवा मालवणला उतरल्यावर माणसाला विचारा. माणूसही कधीकधी चुकीचा रस्ता सांगतो, पण निदान त्याच्यावर रागावता येतं.

आमच्या तोंडवलीची रचना समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला गड नदी, जी इथे येईपर्यंत कालावलची खाडी झालेली असते. उत्तरेला वायंगणी, त्यापलीकडे आचरा. आणि दक्षिणेकडे गाव निमुळतं होत जातं, तळाशील लागतं, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी अशी माडांची आणि सुरूंची पट्टी उरते, आणि शेवटी तीही संपते. तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडे सर्जेकोट. होडीत उभा असलेला माणूस कोण, हे इथून ओळखता येतं. रस्त्याने मात्र तिथे जायचं तर आल्या वाटेने मागे जाऊन, खाडीला वळसा घालून, पूल ओलांडून, पुन्हा समुद्राकडे यावं लागतं. हा धडा पहिल्याच दिवशी शिकलात तर पुढचे सगळे सोपे जातील.

मुहूर्त

कधी निघावं, हा प्रश्न नवशिके फार विचारतात. उत्तर असं, की तुम्ही ठरवायचं नसतं.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते घरच्या कर्जाला कंटाळून, यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने. मध्य भारतात पोहोचतात तोच बंड सुरू झालं. मग झाशी पाहिली, लूट पाहिली, जीव मुठीत धरून हिंडले आणि दोन-अडीच वर्षांनी घरी आले. मराठीतलं एक थोर प्रवासवर्णन आपल्याला त्यातून मिळालं. त्यांच्यात आणि तुमच्यात एवढाच फरक, की ते कर्ज फेडायला निघाले होते आणि तुमच्या मोटारसायकलचे हप्ते अजून चालू आहेत.

पण इतक्या लांब जायला नको. शेजारच्या आचऱ्याला जा आणि गावपळणीची चौकशी करा. दर तीन-चार वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, रामेश्वराचा कौल झाला की आख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस तीन रात्री गावात चूल पेटत नाही. वेशीपलीकडे झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, त्यात पेजेची भांडी, अंथरुणं, म्हाताऱ्यांच्या औषधाच्या पिशव्या आणि परीक्षा तोंडावर आलेली पोरं. रात्री भजनं, फुगड्या, गप्पा. मुंबईचे चाकरमानीसुद्धा या तीन दिवसांसाठी रजा काढून येतात, म्हणजे सातआठ तास प्रवास करून घरी यायचं आणि लगेच घर सोडून बाहेर पडायचं. मग चौथ्या दिवशी देवाला विचारायचं. कौल मिळाला तर परत, नाही मिळाला तर मुक्काम वाढला. वायंगणी आणि चिंदर या गावांचीही पळण असते. "घर सोडणे" या विषयावर मोठ्या शहरांत शिबिरं भरतात आणि त्याला पैसे घेतात असं ऐकतो. इथे गावच्या गाव हे शिक्षण फुकट घेतं, तेही गुरांसकट, आणि त्यावर कोणी व्याख्यान देत नाही.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही अशीच. ती तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल मिळेल तेव्हा तारीख जाहीर होते आणि मग मुंबईत रेल्वेची तिकिटं दिसेनाशी होतात. "मार्चच्या दुसऱ्या शनिवारी जत्रा कव्हर करायची" असं वहीत लिहून आलेल्यांनी ते पान फाडावं.

सामान

सामानाबाबत सल्ला घ्यायचा तर दशावतारी मंडळींचा घ्या. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ही माणसं बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर घरी येतात. रोज एक गाव, रोज एक देऊळ, रात्रभर नाटक, सकाळी पुढचं गाव. सहासात महिने रस्त्यावर. पूर्वी डोक्यावर पेटारे घेऊन पायी, आता टेम्पोने. सामान काय? कपड्यांचे पेटारे, गणपतीचा मुखवटा, मृदंग, झांज, पायपेटी, रंगाचे डबे. संहिता नाहीच. राजाने काय बोलायचं ते राजा उभं राहिल्यावर ठरवतो, आणि समोरच्या राक्षसाला ते त्याच वेळी कळतं. नाटक कुठलं करायचं हेसुद्धा कधीकधी तोंडाला रंग लावायच्या थोडंच आधी ठरतं.

या मंडळींना रात्री तीन वाजता, प्रयोग चालू असताना, देवळामागे जाऊन पाहावं. जरीच्या कपड्यातला एक देव चटईवर घोरत असतो आणि त्याच्या प्रवेशाला पाच मिनिटं असताना कोणीतरी त्याला पायाने हलवून उठवतं. तो उठतो, मिशी सारखी करतो, तलवार घेतो आणि थेट युद्धात जातो. दीर्घ प्रवासासाठी लागणारं एकमेव कौशल्य हेच : मिळेल तिथे झोपणं आणि उठवलं की चिडचिड न करणं. तुमची हवा भरायची उशी, सौर दिवा, पाणी गाळायची नळी वगैरे आणलंच असेल तर राहू द्या. आमच्याकडची पोरं त्याच्याशी छान खेळतात.

रस्ता

रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग करायची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे 1980 च्या सुमाराची. ती अजून तरुण आहे. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर होताहेत, आणि मधल्या काळात फेरीबोटी आहेत : आगरदांड्याहून दिघी, वेश्वीहून बागमांडला, दाभोळहून धोपावे, जयगडहून तवसाळ. बोटीत गाडी चढवा, तिकीट घ्या आणि गाडीत बसून राहू नका. बसून राहणारा माणूस मुंबईचा हे सगळ्यांना लगेच कळतं. कठड्याशी उभं राहून पाण्याकडे बघत, काही विशेष नसल्यासारखा चेहरा करा.

अंतर मोजण्याची पद्धत : नकाशातले किलोमीटर घ्या, त्यांना विसरून जा. वाटेत खाड्या किती, त्या मोजा. प्रत्येक खाडीला एक तास धरा. मधे एखाद्या घरी चहाला थांबवतील त्याचा अर्धा. तो चहा नको म्हणालात तर पाऊण, कारण मग का नको हे सांगत बसावं लागतं.

चौकशीला तोंड देणे

गावात शिरलात की पहिला प्रश्न येईल, "खंयचे तुमी?" याचं उत्तर "पुणे" किंवा "ठाणे" असं देऊन भागत नाही. मूळ गाव विचारताहेत. मूळ गाव सांगितलंत की आडनाव. आडनाव सांगितलंत की त्या आडनावाचा एखादा माणूस, जो तुमच्या जन्माआधी मालवणात पोस्टात होता, तो तुमचा कोण लागतो हा प्रश्न. लागत नसला तरी "काका" म्हणून टाका. जेवण चांगलं मिळतं.

तिसरा किंवा चौथा प्रश्न नोकरीचा असतो, आणि इथे नवशिके हमखास अडकतात. "सोडली" असं उत्साहाने सांगू नका. एखाद्या आजीने ते ऐकलं तर हातातलं सूप खाली ठेवून ती विचारील, "सोडलंस? कित्याक रे बाबा?" तुम्ही स्वतःचा शोध, जगण्याचा अर्थ वगैरे सांगाल. ती शांतपणे ऐकून घेईल आणि आत जाऊन उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन येईल, कारण नोकरी गेलेल्या पोराला भूक लागलेली असणार हे तिला ठाऊक असतं. तिच्या घरातल्या दोन पिढ्या मुंबईच्या गिरणीत आणि जहाजांवर होत्या. नोकरी सोडून जग बघणं तिला समजत नाही, नोकरीसाठी जग बघणं समजतं. तिचा कोणीतरी खलाशी म्हणून रॉटरडॅमपासून योकोहामापर्यंत जाऊन आलेला असतो, आणि तिथली हकिकत विचारली तर तो एवढंच सांगतो, की थंडी फार.

"सुट्टीवर आहे" असं सांगणं सर्वांत सुरक्षित.

समुद्र

मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं अॅप असेल. असू द्या, पण आमचं जुनं गणित शिकून घ्या, त्याला नेटवर्क लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे त्या दिवशी भरती पुरी होण्याची वेळ, साधारण. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. तेच रात्री पुन्हा. मधल्या सहा तासांनी पाणी पुरतं ओसरलेलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पूर्वी शाळेत पाऊणकी पाठ करायला लावत तेव्हा ती कशासाठी हे गुरुजींनी सांगितलं नाही. खाडी उतरून पलीकडे जाणाऱ्याला ते आपोआप कळत असे. तारीख माहीत असते पण तिथी माहीत नसते, ही नवशिक्याची अडचण मी जाणतो. घरात कालनिर्णय असेल, भिंतीवर बघा.

वाऱ्याचंही असंच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्यावर घरी येत. इंजिनं आली आणि ही वेळ पाळायची सक्ती गेली, पण उलांडीची छोटी होडी वल्हवणारा म्हातारा अजूनही पहाटेच निघतो. त्याला सूर्योदयाचा फोटो हवा असतो म्हणून नव्हे.

आता बोट लागण्याविषयी. मालवणच्या जेटीपासून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत होडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. जगप्रदक्षिणेचा बेत असलेली माणसं एवढ्यात हिरवी पडताना पाहिली आहेत. आवळासुपारी तोंडात ठेवा, क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे बघू नका. दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे चारच थांबे घेऊन मे 2010 मध्ये परत आले. अशी शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पण त्याआधी ती नौका गोव्यात दिवाडीला बांधून होईपर्यंत ते तिथे सुतारकामापासून विजेच्या तारांपर्यंत सगळ्यांत लक्ष घालत होते, हे बातम्यांत फारसं येत नाही. तुम्ही निदान होडीत पाय कुठे ठेवायचा हे विचारून घ्या. काठावर ठेवायचा नाही.

एकेकाळी या किनाऱ्याने लांबचा प्रवास म्हणजे बोटच होती. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची, पुढे वेंगुर्ला आणि पणजी. 'रोहिणी', 'चंद्रावती', 'कोकण सेवक' ही नावं साठीच्या पुढच्या माणसांपुढे घ्या आणि बाजूला सरका, तासभर ऐकावं लागेल. मालवणच्या खडकांमुळे बोट आत येत नसे. बाहेर नांगर टाकायची आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात उतारूंना हाताला धरून उतरवायचे. आधी पोर, मग ट्रंक, मग बाई, आणि शेवटी आपण कोणाच्या भरवशावर उडी मारतोय याचा विचार करत उभा असलेला बापई. पावसाळ्यात बोटी बंद. बंद का, याचं उत्तर 17 जुलै 1947 ला मिळालं. गटारी अमावास्येच्या दिवशी रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा मे संपताना जलक्रीडा बंद झाल्या, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या काठावर ओढून झापांनी झाकल्या, आणि तुम्ही नेमके जूनमध्ये आलात, तर कोणाला जास्त पैसे देऊ करू नका. नाही म्हणणारा माणूस पैशासाठी अडून बसलेला नसतो.

इतिहास

या किनाऱ्याची पहिली मार्गदर्शिका मी लिहीत नाहीये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोण्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापारी खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली, 'पेरिप्लस' नावाची. कल्याणच्या खालची बंदरं ती ओळीने सांगत जाते. त्यातलं एक मालवण असावं आणि एक बेटांचा पुंजका म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक असावेत असं काही अभ्यासक मानतात. या भागात चाचे आहेत, असा इशारा तिच्यात आहे. बांगड्याच्या तिकल्याविषयी अवाक्षर नाही. यावरून लेखक काठावर उतरला नसावा असं माझं मत.

इतिहास पाहताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, वाटाड्याचं मन मोडू नका. विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने इथेच उभं राहून हेलियम शोधला असं सांगतात. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, त्याने सूर्याचं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये तिथूनच केलं. हेलियमशी ज्याचंही नाव जोडतात तो फ्रेंच जान्सन मात्र ग्रहणाला हिंदुस्थानात होता, पण गुंटूरला. हे सगळं पाठ करा आणि कट्ट्यावर उभं राहून मुळीच बोलू नका. ऊन फार असतं, आणि तुम्हाला खाली उतरून त्याच माणसाकडून पाणी घ्यायचं आहे.

दुसरी, मोठ्या किल्ल्यापाशी थांबून छोटा विसरू नका. सिंधुदुर्ग सगळे पाहतात आणि पाहावाच. 25 नोव्हेंबर 1664 ला मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि चुन्यातले हातापायाचे ठसे आहेत. भोवती खारं पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींना पाणी गोडं. पण या किल्ल्याला सोबती होते : राजकोट, पद्मगड आणि आमच्या समोरचा सर्जेकोट. गड नदीच्या मुखाशी, पावसाळ्यात जहाजांना आत आसरा घेता यावा अशा जागी तो बसवलाय. मोठा किल्ला शत्रूला दिसावा म्हणून, छोटा आपल्या जहाजांना सापडावा म्हणून. आज त्याचे अवशेष झाडोऱ्यात आहेत, तिकीट नाही, वाटाड्या नाही. मासे उतरवणाऱ्या बायकांना वाट विचारा. त्या हाताने दाखवतील, कारण तोंड भावात गुंतलेलं असतं.

निसर्ग

निसर्ग पाहायला आलात म्हणून तो तुमच्यासाठी तयार होऊन बसलेला नसतो. थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री आमच्या वाळूत येतात. मादी मागच्या पायांनी आळीपाळीने, एक पाय बाहेर तर एक आत, असा हातभर खोल खड्डा करते. हे दोन पाय मागे काय करताहेत ते तिला दिसत नाही, तरी खड्डा मडक्यासारखा गोल होतो. शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापते आणि मागे न बघता पाण्यात जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. रात्री बॅटरी लावू नका, किनाऱ्यावर दिवे लावून पार्टी करू नका, कारण पिल्लं उजेडाकडे जातात आणि त्यांच्या हिशेबाने उजेड फक्त समुद्रावर असतो. हे मात्र मस्करीत सांगत नाही. घरट्याभोवती जाळी लावून पहाटे फेऱ्या मारणारे लोक गावातलेच असतात, त्यांना विचारल्याशिवाय जाळीजवळ जाऊ नका.

लांब प्रवासाची फुशारकी मारायची इच्छा झाली तर आधी हे ऐका. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे बंगालच्या उपसागरातून, सिंहलद्वीपाच्या बाजूने, अरबी समुद्रात. पासपोर्ट नाही, प्रायोजक नाही. खूणपट्टीवर नुसता आकडा होता. तो आकडाही तिने मागितलेला नव्हता.

आमच्याच गावात आणि वायंगणीत 'सी-वर्ल्ड' नावाचा मोठा प्रकल्प यायचा होता. समुद्राकाठी समुद्र दाखवण्यासाठी आधी हजाराहून जास्त एकर जमीन लागणार होती, लोकांनी विरोध केल्यावर साडेतीनशे एकरांत भागेल असं ठरलं. कागदावर तो अजून कुठे आहे ते कागदांना ठाऊक. दरम्यान तळाशीलला खरा समुद्र स्वतःहून जवळ येतोय. पावसाळ्यात उधाण किनारा खातं, माड मुळांसकट उघडे पडतात, आणि गाव धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्जांवर अर्ज करतं. तुम्हाला जिथे 'अस्पर्शित किनारा' दिसतो तिथे कोणाचा तरी माड होता. फोटोखाली काय लिहायचं ते त्यानंतर ठरवा.

खर्च

घरगुती खानावळीत जेवा. भाव आधी विचारा, मासा कुठला ते नंतर, आणि जेवून झाल्यावर "थोडं तिखट होतं" म्हणू नका.

रापण

आत्तापर्यंतचं सगळं जमलं असेल तर शेवटची परीक्षा. सकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर कॅमेरा पिशवीत ठेवा आणि दोर धरा. होडीने जाळं समुद्रात लांबवर अर्धगोल सोडलेलं असतं आणि त्याची दोन टोकं काठावर दोन टोळ्यांच्या हातात. ओढायचं पाठमोरं. टाच वाळूत रोवायची, अंग मागे टाकायचं, एक पाऊल, मग दुसरं. दोर ओला, खरखरीत आणि वाळूने भरलेला असतो, शहरी तळहात त्याच्यावर सोलवटायला वेळ लागत नाही. शेवटच्या माणसाने मागे गेल्यावर दोर सोडून पुढे पाण्याशी येऊन पुन्हा पहिली जागा धरायची, म्हणजे रांग सतत चालत राहते आणि कुठेही पोहोचत नाही. घाईने ओढलंत तर जाळ्याचं तळ उचललं जातं आणि मासे खालून निघून जातात. म्हणून जोर कमी आणि ताल जास्त. मधे कोणीतरी म्हातारा नुसता उभा राहून दोन्ही टोकांकडे बघत हाताने खुणा करत असतो. तो काही करत नाही असं समजू नका, सगळं तोच करतोय.

कधी जाळं तारल्यांनी, पेडव्यांनी, बांगड्यांनी भरून चमचमत येतं. बरेचदा चार सौंदाळे, दोन खेकडे आणि प्लास्टिकच्या बाटल्या येतात. बाहेर पर्ससीनवाल्या मोठ्या बोटींनी आधीच उचलून नेलेलं काठाला येणार कसं, यावर मग तिथेच चर्चा होते, आणि तुम्ही गप्प बसून ऐकलंत तर मत्स्यव्यवसायाची पदवी मिळाल्यासारखं ज्ञान मिळतं. दोराला हात लावलेल्याला वाटा देण्याची रीत आहे. तुम्हालाही पाच-सात मासे देतील. "नको, मी शाकाहारी आहे" असं म्हणायचं असेल तर दोर धरण्याआधी म्हणा.

पुढे जाणे

"पुढे कधी जाणार?" असं गावात कोणी विचारलं तर तुम्ही थोडे जास्त राहिलात असं समजा. तळाशीलच्या टोकाला जा. होडीवाला नसला तर "इतक्यात येतलो" असं कोणीतरी सांगेल. बसा. तो जेवून, वायच आडवा होऊन, पाणी चढल्यावर येईल, कारण सुकतीला त्याची होडी वाळूवर टेकते. अष्टमी असेल तर सहाच्या सुमाराला, हे आता तुम्हाला येतं. तो तुम्हाला पलीकडे सर्जेकोटला सोडील, तिथून मालवण जवळ आहे. मोटारसायकल होडीत चढवण्याचा विषय काढू नका. ती तळाशीलच्या माडाखाली सुरक्षित राहील, तिच्या पेट्यांवर कोंबड्या बसतील, आणि मालवणला पोहोचलात की ती न्यायला रस्त्याने, खाडीला वळसा घालून, पुन्हा इकडेच यायचं आहे.